रुग्णसेवा, प्रवेश-अर्ज आणि नियत



आदरणीय अबू हुरैरा (रजि.) यांनी कथन केलेली एक हदीस सहीह मुस्लिममध्ये नोंदलेली आहे. तिचा आशय असा की, कियामतच्या दिवशी अल्लाह माणसाला विचारील, मी आजारी होतो, तू माझी विचारपूस केली नाहीस. माणूस चकित होऊन म्हणेल, हे पालनकर्त्या, तू तर सर्व विश्वाचा स्वामी. तुझी विचारपूस मी कशी करणार? तेव्हा त्याला सांगितले जाईल की माझा अमुक दास आजारी होता आणि तू त्याच्याकडे गेला नाहीस. गेला असतास तर मी तुला त्याच्यापाशी आढळलो असतो. पुढे भुकेल्याचा आणि तहानलेल्याचा उल्लेख येतो. त्या दोघांच्या बाबतीत अल्लाह फर्मावतो की, खाऊ-पाणी दिले असतेस तर त्याचा मोबदला माझ्याकडे मिळाला असता. विद्वानांनी या फरकाकडे लक्ष वेधले आहे. भुकेल्याला दिल्याचे फळ अल्लाहकडे आहे. पण रुग्णाच्या बिछान्यापाशी अल्लाहची निकटता लाभते, असे हदीसचे शब्द सुचवतात.

म्हणजे रुग्णाची खाट ही श्रद्धावंताच्या दृष्टीने अत्यंत अदबीची जागा आहे. त्या जागी आज आपली तरुण मुले-मुली स्वयंसेवक म्हणून जाऊ लागली आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र त्यांच्यापैकी अनेकांच्या मनात एक प्रश्न असतो आणि जुमाच्या नमाजनंतर तो मला वेगवेगळ्या शब्दांत विचारला जातो : "मौलाना, ही सेवा आम्ही कॉलेजच्या प्रवेशासाठी करतो. मग हिचा सवाब मिळेल का?" प्रश्न प्रामाणिक आहे. म्हणून त्याचे उत्तरही घाईने देऊ नये.

अर्जातील रकाना

आधी वस्तुस्थिती समजून घेऊ. कोकणातील अनेक मुस्लिम कुटुंबे पिढ्यान् पिढ्या आखाती देशांत, इंग्लंडमध्ये, दक्षिण आफ्रिकेत स्थायिक झालेली आहेत. आता पुणे, मुंबई, औरंगाबाद येथील मुलेही परदेशी विद्यापीठांकडे अर्ज करतात. तेथील प्रवेशाची रीत आपल्यापेक्षा वेगळी आहे. अमेरिकेत पदवीच्या प्रवेशासाठी शेकडो महाविद्यालये 'कॉमन ॲप' हा सामायिक अर्ज स्वीकारतात. त्यात अभ्यासाबाहेरच्या दहा उपक्रमांसाठी जागा असते आणि प्रत्येकापुढे आठवड्याला किती तास व वर्षातून किती आठवडे, हे लिहावे लागते. तेथे वैद्यकीय शिक्षण बारावीनंतर लगेच सुरू होत नाही. सामान्यतः आधी चार वर्षांची पदवी आणि मग वैद्यकीय महाविद्यालयाचा अर्ज. या दुसऱ्या टप्प्यावरील सामायिक अर्जात पंधरा अनुभव नोंदवता येतात. तास लिहायचे असतात आणि त्या कामाची खात्री देऊ शकेल अशा व्यक्तीचे नावही द्यायचे असते. रुग्णांच्या सान्निध्यात वेळ घालवलाच नाही, अशा विद्यार्थ्याकडे प्रवेश समित्या साशंकतेने पाहतात. इंग्लंडमध्येही डॉक्टर होऊ इच्छिणाऱ्याने आजारी, वृद्ध किंवा अपंग माणसांची काही सेवा केलेली असावी अशी अपेक्षा असते. मात्र किती तास केले यापेक्षा त्यातून काय उमगले, याला तेथे अधिक महत्त्व दिले जाते.

आपल्याकडे याच्या उलट चित्र आहे. एमबीबीएसचा प्रवेश 'नीट' परीक्षेच्या ७२० गुणांवर ठरतो. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र यांपलीकडे तेथे काही विचारले जात नाही. एखाद्या मुलीने दोन वर्षे दर रविवारी सरकारी दवाखान्यात रुग्णांची चाकाची खुर्ची ढकलली असेल, तरी तिच्या गुणांत अर्ध्या गुणाचीही भर पडत नाही. महाविद्यालयात गेल्यावर राष्ट्रीय सेवा योजना आहे. १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, ३७ विद्यापीठांत ती सुरू झाली. वर्षाला १२० याप्रमाणे दोन वर्षांत २४० तास सेवा आणि एक सात दिवसांचे शिबिर, असा तिचा नेम आहे. काही विद्यापीठांत त्याबद्दल वाढीव गुणही मिळतात.

या दोन रीतींमधून दोन वेगळे मोह निर्माण होतात. जेथे अर्जात रकाना आहे, तेथे सेवा रकान्यासाठी होऊ लागते. जेथे रकाना नाही, तेथे सेवाच होत नाही. पहिला मोह नियत बिघडवतो, दुसरा हात आखडवतो. इस्लामची शिकवण या दोहोंविषयी काय सांगते, ते पाहू.

लाभाची अपेक्षा पाप आहे काय?

सहीह बुखारीचा आरंभच आदरणीय उमर (रजि.) यांनी कथन केलेल्या नियतच्या हदीसने होतो. कर्मे नियतवर अवलंबून असतात आणि माणसाला तेच लाभते ज्याची त्याने नियत केली, हा तिचा गाभा. एकाच वाटेने, एकाच वाळवंटातून दोन माणसे हिजरत करतात. एकाची हिजरत अल्लाह आणि प्रेषितांसाठी ठरते. दुसऱ्याची ऐहिक लाभासाठी किंवा एखाद्या स्त्रीशी विवाह करण्यासाठी. पायांचे श्रम सारखेच, पण पदरात पडणारे फळ निराळे.

ही हदीस ऐकून काही विद्यार्थी निराश होतात. त्यांना वाटते, अर्जाचा विचार मनात आला म्हणजे सगळेच वाया गेले. परंतु तसे नाही. इस्लामपूर्व काळी हजच्या हंगामात उकाज, मजन्ना आणि जुल-मजाज येथे बाजार भरत असत. इस्लाम स्वीकारल्यावर लोकांना संकोच वाटू लागला की हजच्या पवित्र दिवसांत व्यापार करणे हे पाप तर नाही? तेव्हा पवित्र कुरआनने (सूरह अल-बकरा : १९८) स्पष्ट केले की त्या काळात आपल्या पालनकर्त्याची कृपा, म्हणजे उपजीविका, शोधण्यात काही दोष नाही. विचार करा, हजसारख्या उपासनेसोबत ऐहिक लाभ घेण्याची मुभा आहे, तर रुग्णसेवेसोबत प्रवेशाची आशा बाळगणे मुळातच निषिद्ध कसे असेल? डॉक्टर होण्याची इच्छा चांगली आहे. त्यासाठी लागणारा अनुभव मिळवणे चांगले आहे. तो अनुभव खरेपणाने अर्जात लिहिणेही चांगलेच आहे.

मग कसोटी कोणती? इमाम गझाली (रह.) यांनी 'इह्याउ उलूमिद्दीन' या ग्रंथात मिश्र हेतूंची चर्चा केली आहे. तिचे सार असे की, माणसाला कामाला लावणारा मूळ धक्का कोणता, हे तोलून पाहावे. अल्लाहची प्रसन्नता हा मुख्य हेतू असेल आणि ऐहिक लाभ त्याच्या मागून येत असेल, तर त्या प्रमाणात सवाब शिल्लक राहतो. ऐहिक हेतूच वरचढ झाला, तर सवाबची आशा त्याच प्रमाणात मावळते. विद्यार्थ्याने स्वतःला एक साधा प्रश्न विचारावा : उद्या मला कळले की हे तास कोणत्याही अर्जात धरले जाणार नाहीत, तर पुढच्या रविवारी मी येईन का? उत्तर 'होय' असेल तर अल्लाहचे आभार मानावेत. उत्तर 'नाही' असेल तर सेवा सोडू नये, नियत सुधारावी. नियत ही एकदाच भरायचा अर्ज नव्हे, ती प्रत्येक पावलावर नवी करता येते. वॉर्डाच्या दारात क्षणभर थांबून मनात 'हे अल्लाह, हे तुझ्यासाठी' एवढे म्हणायला कितीसा वेळ लागतो?

दिखाव्याची सीमा

प्रेषितांनी (स.) दिखाव्याला, म्हणजे रियाला, लहान शिर्क म्हटले आहे. सहीह मुस्लिममधील एका हदीसमध्ये कियामतच्या दिवशी ज्यांचा न्याय सर्वप्रथम होईल, अशा तिघांचे वर्णन येते : एक रणात प्राण दिलेला, दुसरा ज्ञानी आणि कुरआनचा पाठक, तिसरा दानशूर. तिघेही म्हणतील, आम्ही हे तुझ्यासाठी केले. तिघांनाही उत्तर मिळेल की, लोकांनी तुम्हाला शूर, विद्वान, उदार म्हणावे यासाठी तुम्ही ते केले. आणि लोकांनी तसे म्हटले. ज्याच्यासाठी केले ते त्यांना जगातच मिळाले होते, मागण्यासारखे काही उरले नव्हते.

याच्या उलट बाजूस आदरणीय हुसैन (रजि.) यांचे पुत्र जैनुल आबिदीन (रह.) यांचे उदाहरण इतिहासकारांनी नोंदवले आहे. मदीनेत अनेक गरीब घरांच्या दाराशी रात्री अन्न येत असे. आणून कोण ठेवतो, हे कुणाला ठाऊक नव्हते. त्यांच्या मृत्यूनंतर ते अन्न येणे थांबले आणि अंत्यस्नानाच्या वेळी त्यांच्या पाठीवर पोती वाहिल्याचे वण दिसले. त्या रात्रींची नोंद कुठल्याही वहीत नव्हती.

सर्व सेवा अशी गुप्त असावी, असा आग्रह शरीअत धरत नाही. सूरह अल-बकराच्या २७१ व्या आयतीत उघड दानालाही चांगले म्हटले आहे आणि गुप्त दानाला अधिक चांगले. म्हणून प्रमाणपत्र घेण्यात गैर नाही. परंतु मी विद्यार्थ्यांना एक सूचना करतो. जसे फर्ज नमाजसोबत आपण नफ्ल अदा करतो, तसे नोंदीतल्या प्रत्येक दहा तासांसोबत एक तास असा द्यावा, जो कुठेही लिहिला जाणार नाही. ज्याचे छायाचित्र नाही, ज्यावर कुणाची सही नाही. तो एक तास उरलेल्या दहा तासांची नियत राखील.

वर कोरडे, आत ओले

आता अधिक गंभीर गोष्टीकडे येतो. प्रेषित (स.) एकदा बाजारात धान्याच्या राशीजवळून जात होते. त्यांनी राशीत हात घातला तेव्हा बोटांना ओल लागली. विक्रेत्याने सांगितले की पावसाने भिजले. प्रेषितांनी (स.) त्याला विचारले की मग ते भिजलेले लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस, आणि बजावले की जो फसवणूक करतो त्याचा माझ्याशी संबंध नाही. दोनदा जाऊन शंभर तासांचे प्रमाणपत्र मिळवणे ही हीच रास आहे. वर कोरडे दाणे, आत ओल.

काही काळापूर्वी एक गृहस्थ आपल्या मुलासाठी माझ्याकडे पत्र मागायला आले. मुलगा आमच्या मस्जिदीच्या तरुणांसोबत दोनदा रुग्णालयात आला होता. वडिलांना पत्रात वर्षभराची सेवा हवी होती. ते म्हणाले, "मौलाना, तुमच्या एका सहीने पोराचे आयुष्य घडेल." मुलगा शेजारी मान खाली घालून बसला होता. मी म्हणालो, "भाईसाहेब, ज्या सहीने आयुष्य घडेल तीच सही कियामतला माझ्यापुढे ठेवली जाईल. त्याला या रविवारपासून पाठवा. तो जितके तास येईल, तितके मी आनंदाने लिहीन." वडील नाराज होऊन गेले, मुलगा मात्र आला. अर्जाची मुदत संपेपर्यंत त्याचे अकरा तास झाले. मी पत्रात अकराच लिहिले आणि त्या अकरा तासांत त्याने काय केले तेही लिहिले.

हे सांगण्याचे कारण असे की, या व्यवहारात विद्यार्थी एकटा दोषी नसतो. खोटी साक्ष महापापांत गणली गेली आहे. तिचा उल्लेख करताना प्रेषित (स.) टेकून बसलेले होते, ते सरळ उठून बसले आणि तोच इशारा पुन्हा पुन्हा देत राहिले. प्रमाणपत्र ही साक्षच आहे. ते देणारी संस्था, मागणारा पालक आणि जोडणारा विद्यार्थी हे तिघेही तिचे भागीदार. शिवाय यात दुसऱ्याचा हक्क मारला जातो. ज्या मुलीने खरोखर शंभर तास दिले, तिची जागा खोट्या शंभर तासांनी घेतली, तर तो हुकूकुल इबादचा, म्हणजे माणसांच्या हक्कांचा प्रश्न होतो. आणि तो केवळ तौबाने मिटत नाही. आपल्याला न मिळालेल्या गोष्टीचा आव आणणारा हा खोटेपणाची दोन वस्त्रे पांघरणाऱ्यासारखा आहे, असा एका हदीसचा आशय आहे. वैद्यकीय अर्ज लिहिताना प्रत्येकाने ती हदीस डोळ्यांपुढे ठेवावी. कारण ज्याने डॉक्टरकीत पहिले पाऊल असत्यावर टाकले, तो उद्या रुग्णाच्या कागदावर काय लिहील?

रुग्ण ही अमानत आहे

सेवा खरी असली तरी तिचे शिष्टाचार आहेत. पहिला शिष्टाचार म्हणजे आपली मर्यादा ओळखणे. वैद्यकीचे ज्ञान नसताना जो उपचार करतो त्याच्यावर हानीची जबाबदारी येते, असे हदीसवरून स्पष्ट होते. विद्यार्थी स्वयंसेवकाने सुई, सलाईन, औषध यांना हात लावू नये. अर्जात उठून दिसेल म्हणून तर मुळीच नाही. त्याच्यासाठी वेगळे काम पुष्कळ आहे. आपल्या जिल्हा रुग्णालयात सकाळी जाऊन पाहा. खेड्यातून आलेली आजी केसपेपरच्या रांगेत उभी असते. रक्ततपासणी कोणत्या खोलीत, एक्स-रे कुठे, हे तिला ठाऊक नसते. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा लाभ घ्यायचा तर आरोग्यमित्र कुठे बसतात, कोणती कागदपत्रे लागतात, झेरॉक्स कुठे मिळेल, हे सांगणारे कुणी नसते. तिचा हात धरून एका खिडकीपासून दुसऱ्या खिडकीपर्यंत नेणे, ही उच्च प्रतीची सेवा आहे. सूरह अल-माऊनमध्ये दिखावा करणाऱ्यांचा आणि नित्याच्या छोट्या वस्तूही नाकारणाऱ्यांचा निषेध एकाच ओघात आला आहे, हे विसरू नये.

दुसरा शिष्टाचार गोपनीयतेचा. रुग्णाचा आजार, त्याचे नाव, त्याची असहाय अवस्था ही आपल्याकडे अमानत असते. अमेरिकेत १९९६ च्या कायद्यामुळे रुग्णालये स्वयंसेवकांनाही याविषयी आधी प्रशिक्षण देतात. आपल्याला तर कुरआनने (सूरह अन-निसा : ५८) अमानत तिच्या हक्कदाराला पोचवण्याची आज्ञा चौदाशे वर्षांपूर्वीच दिली आहे. खाटेवरच्या माणसासोबत फोटो काढून तो स्टेटसवर ठेवणे, किंवा त्याची करुण कहाणी निबंधात ओळखू येईल अशी लिहिणे, हा त्या अमानतीचा भंग आहे. सूरह अल-बकराच्या २६४ व्या आयतीत उपकार बोलून दाखवून व मन दुखावून आपले दान वाया घालवू नका, असे बजावले आहे. आणि अशा दानाला गुळगुळीत खडकावरील धुळीची उपमा दिली आहे, जी एका पावसात धुऊन जाते.

तिसरा शिष्टाचार म्हणजे भेदभाव न करणे. प्रेषितांची (स.) सेवा करणारा एक यहुदी मुलगा आजारी पडला, तेव्हा ते स्वतः त्याच्या घरी गेले आणि त्याच्या उशाशी बसले. खाटेवरील माणसाचा धर्म, जात, भाषा विचारून पाणी देण्याची रीत आपली नाही.

जेथे रकाना नाही

शेवटी त्या विद्यार्थ्यांशी बोलतो, जे 'नीट'ची तयारी करत आहेत आणि ज्यांना या सेवेचा एक गुणही मिळणार नाही. तुमच्यावर अभ्यासाचा भार आहे, हे मी जाणतो. आठवड्याचे दहा तास कुणी मागत नाही. परंतु महिन्यातून एक सकाळ तरी रुग्णालयाला द्या. रुफैदा अल-असलमिया (रजि.) यांचा तंबू मस्जिदे नबवीत उभारलेला होता, खंदकच्या युद्धात जखमी झालेले सअद बिन मुआज (रजि.) यांची शुश्रूषा तेथे झाली. उम्मे अतिया (रजि.) सात मोहिमांत प्रेषितांसोबत (स.) होत्या, जखमींवर उपचार आणि आजाऱ्यांची देखभाल त्या करत. पुढे मुसलमानांनी वक्फच्या उत्पन्नावर मोठमोठी रुग्णालये उभारली. दमास्कसचे नूरी रुग्णालय ११५४ मध्ये, कैरोचे मन्सूरी रुग्णालय १२८४ मध्ये. हा आपला वारसा आहे. मुलींना या वारशापासून दूर ठेवणाऱ्या पालकांनी त्या पहिल्या तंबूची आठवण ठेवावी.

आणि ज्यांना भीती वाटते की, लोक पाहतील, दिखावा होईल, म्हणून सेवाच नको, त्यांनी फुजैल बिन इयाज (रह.) यांच्याकडून आलेली शिकवण लक्षात घ्यावी. लोकांसाठी काम करणे जसे चुकीचे, तसे लोकांमुळे काम सोडणेही चुकीचेच, असा तिचा आशय आहे.

प्रिय विद्यार्थ्यांनो! प्रवेश मिळेल किंवा मिळणार नाही. ते अल्लाहच्या हाती आहे आणि तुमच्या प्रयत्नांवर आहे. अर्जाचा रकाना प्रवेश समिती वाचते आणि पुढच्या वर्षी दुसरे अर्ज येतात. पण आजाऱ्याच्या उशाशी घालवलेला वेळ ज्याने पाहिला आहे, त्याच्याकडची नोंद पुसली जात नाही. तुम्ही डॉक्टर झालात तर ही सेवा तुमच्या हातात मऊपणा आणील. झाला नाहीत, तर घरातल्या वृद्ध आईवडिलांची शुश्रूषा तुम्हाला येत असेल.

हे अल्लाह! आमच्या मुलांच्या कर्मांना दिखाव्यापासून आणि त्यांच्या लेखणीला असत्यापासून दूर ठेव. त्यांच्या परिश्रमांना यश दे. जे आज रुग्णालयांत वेदना सोसत आहेत, त्या सर्वांना पूर्ण आरोग्य प्रदान कर. आणि आम्हाला त्यांच्यापाशी जाण्याची सद्बुद्धी दे. आमीन.